केमिस्ट्रीत पीएचडी करायची आहे? अर्जापासून पहिल्या वर्षापर्यंत काय काय करावं लागतं

एमएस्सीचा शेवटचा पेपर झाला की घरात, हॉस्टेलवर, चहाच्या टपरीवर एकच चर्चा: नोकरी की पीएचडी? ज्यांचं उत्तर पीएचडी असं ठरलं आहे किंवा ठरत आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. मी राज्य विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून या सगळ्यातून गेलो आहे. पुणे जवळून माहीत असल्यामुळे उदाहरणं बरीचशी तिकडची येतील. मूळ नियम यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, असल्याने कोल्हापूर, नागपूर, जळगाव किंवा गोवा विद्यापीठातही सांगाडा तोच असतो. मात्र प्रत्येक विद्यापीठाचं परिपत्रक वेगळं असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बहुतेक जण सगळा जोर प्रवेश परीक्षेवर लावतात आणि गाईड व लॅब निवडायला एक दुपारही देत नाहीत. माझ्या मते हिशोब उलटा हवा. म्हणूनच खालची तिसरी पायरी सर्वांत लांब आहे.

१. कुठे करायची ते आधी ठरवा

केमिस्ट्रीत तीन प्रकारच्या जागा असतात: विद्यापीठाचा स्वतःचा विभाग, संलग्न महाविद्यालयातलं संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय संस्था. पुण्यात हे तिन्ही प्रकार काही किलोमीटरच्या आत आहेत. गणेशखिंडीला विद्यापीठाचा विभाग, पाषाण रस्त्यावर 1950 साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, आणि तिच्या शेजारी 2006 साली सुरू झालेली आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. एनसीएलमधल्या मुलांची पीएचडी आता बहुतांशी एसीएसआयआर या अकादमीतर्फे होते, त्यामुळे तिथली प्रवेशप्रक्रिया पूर्ण वेगळी. विद्यापीठाचा अर्ज भरला म्हणजे एनसीएलचाही झाला असं समजू नका.

राष्ट्रीय संस्थांमध्ये पैसा आणि उपकरणं जास्त असतात. विद्यापीठात शिकवायची सवय लागते, विषयांची विविधता असते आणि फी परवडते. राज्य विद्यापीठ म्हणजे दुय्यम, हा समज मात्र डोक्यातून काढा. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ह. जी. अर्णीकरांनी अणुरसायनशास्त्राची परंपरा उभी केली. त्यांनी पॅरिसला अणुशास्त्रज्ञ जोलिओ-क्युरींकडे काम केलेलं होतं. याच विभागात श्रीधर गद्रे यांनी क्वांटम केमिस्ट्रीत, रेणूभोवतीच्या स्थिरविद्युत विभवावर काम केलं आणि विज्ञानातला 1993 चा भटनागर पुरस्कार मिळवला. त्या कामाला लागलं ते गणित आणि संगणक. तुम्हाला काचभांड्यांपेक्षा समीकरणं आवडत असतील तर थिऑरेटिकल ग्रुप शोधा. तिथे उपकरणांची अडचण जवळजवळ नसते.

महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात उत्तम गाईड असू शकतात. पण तिथे जाण्याआधी एवढं विचारा: एनएमआर, मास, एक्सआरडी (संयुग ओळखायच्या उपकरणांवरच्या तपासण्या) कुठून करून आणता? पैसे कोण भरतं? मोठ्या जर्नल्सचे पेपर डाउनलोड होतात का?

२. परीक्षा: नेट, सेट, पेट

एमएस्सीला किमान 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे. त्यानंतर दारं अशी:

सीएसआयआर-यूजीसी नेट, केमिकल सायन्सेस. तीन तास, 200 गुण. भाग ए मध्ये 20 पैकी 15 प्रश्न, भाग बी मध्ये 40 पैकी 35, प्रत्येकी 2 गुण. भाग सी मध्ये 60 पैकी 25, प्रत्येकी 4 गुण. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिस्सा जातो, म्हणजे सी मध्ये एक चूक एक पूर्ण गुण घेऊन जाते. अर्धे गुण सी मध्ये आहेत आणि तिथे 60 पैकी 25 च सोडवायचे आहेत, तेव्हा इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, फिजिकल सगळं सारखंच करत बसू नका. दोन शाखा पक्क्या करा, तिसरीतले हमखास धडे घ्या (ग्रुप थिअरी, पेरिसायक्लिक, स्पेक्ट्रोस्कोपी वगैरे).

निकालात आता तीन पातळ्या असतात: जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप), असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. बाकी दोघांसाठी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. ही मुदत विसरून पुढच्या वर्षी अर्ज घेऊन येणारे दरवर्षी दिसतात.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. तिला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. सेटने फेलोशिप मिळत नाही, पण अनेक विद्यापीठांत पेटमधून सूट मिळते.

पेट ही विद्यापीठाची स्वतःची परीक्षा. अर्धा पेपर रिसर्च मेथडॉलॉजीचा, अर्धा विषयाचा. केमिस्ट्रीची मुलं पहिल्या अर्ध्यात मार खातात, कारण नमुना निवड, गृहीतक, संशोधनातली नैतिकता हे एमएस्सीत कुणी शिकवलेलं नसतं. आठवडाभर दिला तर जमतं.

३. गाईड आणि लॅब: इथे घाई करू नका

यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ राहिला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून सरांनी तोंडी "ये, करू आपण" म्हटलं तरी त्यांच्याकडे कागदोपत्री जागा रिकामी आहे का, हे विभागाच्या ऑफिसात विचारून घ्या. सरांचा हेतू चांगलाच असतो, पण जागा नसेल तर नाव पुढच्या फेरीत ढकललं जातं आणि तुमचं वर्ष जातं.

जागेची खात्री झाली की शोधगंगा उघडा. गाईडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. नोंदणीचं वर्ष आणि पदवीचं वर्ष यांत किती अंतर आहे ते बघा. प्रत्येकाचा विषय वेगळा आहे की एकाच अभिक्रियेचा कॅटॅलिस्ट बदलून पाच प्रबंध झाले आहेत, तेही बघा. शेवटच्या प्रकरणाचे स्पेक्ट्रा स्वच्छ आहेत की बेसलाइनवर गवत उगवलंय? एवढ्यावरून लॅबची शिस्त कळते.

मग एका कामाच्या दिवशी लॅबमध्ये जा. शक्यतो दुपारी जा, आणि सर नसताना सीनिअर्सशी बोला. विचारायचे प्रश्न:

फेलोशिप संपल्यावर इथले विद्यार्थी काय करतात? सॉल्व्हेंट संपला तर किती दिवसांत येतो? पेपरमध्ये नावांचा क्रम कोण ठरवतं? प्रबंधाची प्रकरणं सरांच्या टेबलावर किती दिवस पडून राहतात? शेवटच्या प्रश्नावर सीनिअर हसला आणि विषय बदलला, तर उत्तर मिळालं असं समजा.

आजूबाजूलाही नजर टाका. फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) काम चालू आहे की तिथे रिकाम्या बाटल्यांचं गोदाम झालंय? हूड चालू असताना काचेच्या फटीपाशी टिश्यूचा कपटा धरा, तो आत ओढला गेला पाहिजे. रोटाव्हेपरला (सॉल्व्हेंट उडवायच्या यंत्राला) व्हॅक्यूम पंप आहे का? सॉल्व्हेंटच्या वेस्टसाठी क्लोरिनयुक्त आणि बिगर-क्लोरिन असे वेगळे कॅन आहेत, की सगळं सिंकमध्ये जातं? सिंकमध्ये जात असेल तर तिथे पाच वर्षं श्वास घ्यायचा आहे, याचा विचार करा.

आणखी एक. विषय आवडतो म्हणून जाणं ठीक, पण केमिस्ट्रीत रोजचं काम आवडणं जास्त महत्त्वाचं. टोटल सिंथेसिसमध्ये कॉलम लावण्यात आणि टीएलसी मारण्यात, म्हणजे मिश्रण वेगळं करण्यात आणि तपासण्यात, दिवस जातात. मटेरिअल्समध्ये फर्नेस, ऑटोक्लेव्ह आणि एसईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) वाट पाहणं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत इलेक्ट्रोड घासणं. ज्या कामाचा पंधरा दिवसांत कंटाळा येणार, ते निवडू नका.

४. कागदपत्रं

जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा एक फाइल आधीच तयार ठेवा:

- दहावी, बारावी, बीएस्सी, एमएस्सीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
- नेट, सेट, गेट किंवा पेटचा निकाल
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र
- जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, चालू आर्थिक वर्षात चालणारं नॉन-क्रीमी लेअर
- अधिवास प्रमाणपत्र, आधार, बँक खातं
- नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र
- शिक्षणात खंड असेल तर प्रतिज्ञापत्र
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र
- दोन-तीन पानांचा संशोधन आराखडा

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते नॉन-क्रीमी लेअरच्या तारखेवर आणि नावाच्या स्पेलिंगवर. बीएस्सीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं, असं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. सेतू केंद्रात आणि तहसील कार्यालयात किती दिवस जातील ते तुमच्या हातात नसतं.

५. मुलाखत

समिती तुमचा आराखडा फाडायला बसलेली नसते. तुम्हाला मूळ केमिस्ट्री येते का, ते तिला बघायचं असतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टवर हमखास प्रश्न येतात: हा बेस का वापरला, दुसरा का नाही? यील्ड कशी काढली? उत्पादन तेच आहे हे कशावरून? "सरांनी सांगितलं" हे उत्तर चालत नाही. फळ्यावर मेकॅनिझम काढायला लावतात, तेव्हा बाण इलेक्ट्रॉनकडून सुरू करा. माहीत नसेल तर सरळ "माहीत नाही सर, पण असा विचार करेन" म्हणा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. समितीतले निम्मे जण आपल्यासारख्याच गावातून आलेले असतात.

६. फेलोशिप

जेआरएफ 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ, म्हणजे वरची फेलोशिप, 42,000 रुपये, वर शहरानुसार घरभाडे भत्ता. एसआरएफ आपोआप मिळत नाही. दोन वर्षं होत आली की प्रगती मूल्यांकनाची समिती वेळेत बोलवायला सरांच्या मागे लागा.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय. यांच्या जाहिराती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतीलच असं नाही, आणि अर्जाला पीएचडीच्या नोंदणीचं पत्र लागतं. म्हणून नोंदणीपत्र हातात येताच त्याच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवा.

फेलोशिप कुठलीही असो, पहिला हप्ता उशिरा येतो. सहा महिने घरून किंवा साठवणीतून काढता येतील अशी तजवीज करूनच पुण्या-मुंबईत खोली घ्या.

७. कोर्सवर्क आणि समित्या

कोर्सवर्क किमान 12 क्रेडिट्सचं, त्यात 55 टक्के हवेत. त्यात रिसर्च मेथडॉलॉजी आणि प्रकाशनातली नैतिकता येते. हे पहिल्या वर्षातच उरकून टाका. लॅबमध्ये रिअॅक्शन चालायला लागली की वर्गात बसवत नाही.

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती मांडावी लागते. पीएचडीचा किमान काळ तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. ती मागायला संकोच करू नका, हा नियमच आहे. आरएसीच्या प्रत्येक बैठकीचा सहीचा कागद स्वतःकडे ठेवा. प्रबंध सादर करताना ऑफिस तेच कागद मागतं, आणि तोपर्यंत विभागातला क्लार्क बदललेला असतो.

८. लॅबमधले पहिले महिने

नवा विद्यार्थी आला की त्याच्याकडे खरेदीचं काम येतं. कोटेशन मागवणं, तुलनात्मक तक्ता, जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, स्टोअरची नोंद. कंटाळवाणं आहे, पण एक महिना मन लावून शिका. ज्याला खरेदी कळते त्याची रिअॅक्शन सॉल्व्हेंटवाचून थांबत नाही. मार्चअखेरीला काहीही मिळणार नाही हे धरून फेब्रुवारीतच साठा करा.

आता जीवाशी संबंध असलेल्या गोष्टी. यात कुणाचंही "आमच्याकडे असंच चालतं" ऐकू नका.

नायट्रिक आम्ल असलेलं काहीही अॅसिटोन किंवा अल्कोहोलच्या वेस्टमध्ये ओतू नका. घट्ट बुच लावलेला तो कॅन थोड्या वेळाने फुटतो. जुनी ईथर किंवा टीएचएफची बाटली, तीही बुचाशी पांढरे कण जमलेली, उघडू नका. ते कण स्फोटक पेरॉक्साइडचे असू शकतात. सीनिअरला बोलवा. चांगल्या स्थितीतल्या बाटलीची चाचणी सोपी आहे: थोडं पोटॅशियम आयोडाइड आणि अॅसेटिक आम्ल, पिवळा-तपकिरी रंग आला तर पेरॉक्साइड आहे. उरलेलं सोडियम पाण्यात टाकायचं नसतं. ते बारीक तुकडे करून, नायट्रोजनखाली, आयसोप्रोपेनॉलमध्ये हळूहळू संपवायचं.

रात्रभर रिफ्लक्स ठेवणार असाल तर कंडेन्सरच्या नळीला दोन्ही टोकांना तार किंवा केबल टाय बांधा. संध्याकाळी सगळे नळ बंद झाले की पाण्याचा दाब वाढतो, नळी निसटते आणि सकाळी खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक भिजलेल्या फाइली घेऊन वर येतात. हे आमच्या इमारतीत दर पावसाळ्याआधी एकदा तरी व्हायचं.

पावसाळ्याचं वेगळंच प्रकरण. जुलैत ग्रिग्नार्ड रिअॅक्शन सुरूच होत नाही, आयआर तपासणीसाठी केलेली केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) चकती हातातच धुरकट होते. काचभांडी ओव्हनमधून काढून गरम असतानाच नायट्रोजनखाली थंड करा, केबीआर ओव्हनमध्येच ठेवा. यात तुमचं कौशल्य कमी पडतंय असं वाटून खचू नका, हवाच दमट असते.

नोंदवही रोज लिहा, पेनाने, पानांना क्रमांक देऊन. फसलेली रिअॅक्शनही लिहा. तीन वर्षांनी प्रबंधाचं प्रायोगिक प्रकरण लिहिताना "0.2 की 0.02 मिलिमोल?" असा प्रश्न पडला तर उत्तर फक्त त्या वहीतच असतं.

९. एनएमआरला नमुना देताना

केंद्रीय उपकरण सुविधेत नंबर लागायला वेळ जातो, म्हणून पहिल्याच फेरीत चांगला नमुना द्या. प्रोटॉनसाठी पाच ते दहा मिलिग्रॅम पुरतं, कार्बनसाठी त्याच्या तिप्पट-चौपट. सुमारे 0.6 मिलिलिटर सीडीसीएल3 मध्ये विरघळवा आणि पाश्चर पिपेटच्या टोकाशी कापसाचा बोळा घालून त्यातून गाळत ट्यूबमध्ये सोडा. ट्यूबमध्ये कण तरंगत राहिले तर शिमिंग (चुंबकक्षेत्र एकसारखं करणं) होत नाही, पीक फाटके येतात आणि ऑपरेटर तुमचं नाव लक्षात ठेवतो.

स्पेक्ट्रम आला की आधी 7.26 पीपीएमवर क्लोरोफॉर्मचा पीक शोधा आणि मग बाकीचे वाचा. 4.12 ला क्वार्टेट, 2.05 ला सिंगलेट, 1.26 ला ट्रिपलेट दिसले तर आनंदाने उडी मारू नका. तो कॉलममधला इथाइल अॅसिटेट आहे, नवा रेणू नाही. नमुना थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून दोनदा रोटावर उडवा, हाय व्हॅक्यूमला ठेवा आणि परत द्या. 2.17 चा एकटा पीक अॅसिटोनचा, म्हणजे ट्यूब धुऊन वाळवली नव्हती. 1.56 जवळचा पाण्याचा.

आपल्या विभागात यंत्र बंद असेल तर पवईला आयआयटीत आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सैफ ही उपकरण सुविधा आहे, शिवाय आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात. नमुना कुरिअरने पाठवताना स्थिर आहे का ते बघा, नाहीतर तुमच्या संयुगाचा नाही, त्याच्या विघटनाचा स्पेक्ट्रम परत येतो.

१०. वाचन आणि प्रकाशन

2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांना 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स खुली झाली आहेत. ग्रंथालयातून लॉगिन मागून घ्या, घरूनही चालतं. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये साठवा. प्रबंधाच्या शेवटी 200 संदर्भ हाताने लावणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत.

यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, तेव्हा "केअर लिस्टेड जर्नल, पंधरा दिवसांत प्रकाशन" अशा ईमेलकडे दुर्लक्ष करा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंधापूर्वी पेपर छापलाच पाहिजे अशी अट राहिलेली नाही, पण तुमच्या विद्यापीठाची आहे का ते बघा. जर्नल खरं आहे का हे ओळखायला एक साधी युक्ती: तुमच्या विषयातल्या चांगल्या पेपरांच्या संदर्भयादीत ते नाव दिसतं का?

प्रबंधाच्या साम्य तपासणीत (मजकूर कुठून उचलला आहे का ते बघतात) 2018 च्या नियमाप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सुधारून परत द्यावं लागतं, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. केमिस्ट्रीत प्रायोगिक पद्धतीची वाक्यं सगळ्यांची सारखीच असतात आणि टक्का तिथेच वाढतो. जुन्या सीनिअरच्या प्रबंधातून ती वाक्यं उचलू नका, स्वतःच्या वहीतून लिहा. पहिला मसुदा सरांकडे जाण्यापूर्वी स्वतःच विभागाच्या किंवा ग्रंथालयाच्या खात्यातून एकदा तपासून घ्या. विद्यापीठाचं सॉफ्टवेअर कुठलं आहे आणि तपासणीचा कागद कुणाच्या सहीने मिळतो, हे ग्रंथपाल सांगतात.